सूर्यास्त पाहिल्याचा दाखला

पर्यटनासाठी मिळालेली रजा पर्यटनातच घालवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील, असा आमच्या कार्यालयात नियम आहे. नियम चांगला आहे. मीच केला आहे. त्याचं झालं असं, की आमचा एक टंकलेखक डोंगर बघायला म्हणून तीन दिवसांची रजा घेऊन गेला आणि तिन्ही दिवस घरी झोपला. मी रजा विभागाचा प्रमुख. हे कळल्यावर माझी झोप उडाली.

मग मी नियम लिहिला. कुटुंबातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड. प्रत्येक कार्डावर सात प्रेक्षणीय स्थळांचे सात शिक्के. एकाचाही एक शिक्का कमी पडला, तर सगळी रजा विनापरवाना गैरहजेरी. पर्यटन खात्याला ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी समुद्राकाठच्या डोंगरावर सातही ठिकाणी शिक्क्यांच्या केबिन बांधून टाकल्या.

त्याला आता बारा वर्षं झाली. यंदा मी स्वतः निघालो, बायको आणि आईला घेऊन. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. सगळा जन्म सपाट, कोरड्या गावात गेलेला; समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. गाडीत बसतानाच तिनं सांगून टाकलं, "मला एकदा सूर्य पाण्यात बुडताना बघायचाय. तुमचे बाकीचे पॉइंट तुम्हाला लखलाभ."

पहिले दोन दिवस धुकं होतं. समोर धरलेला हात दिसेना. पण शिक्क्यांचं काम सुरळीत चालू होतं. पहिल्या केबिनमधल्या बाईंनी आम्हाला पाटीशेजारी उभं केलं, चेहरे तपासले आणि 'दरी पाहिली' असा शिक्का मारला.

"अहो, पण दरी कुठाय?" बायकोनं विचारलं.

"पाटीवर आहे ना!" बाई म्हणाल्या.

चौथं ठिकाण प्रतिध्वनीचं. तिथला लिपिक वही उघडून बसला होता. मी ओरडलो. त्यानं कान टवकारले आणि लिहिलं, 'अस्पष्ट. पुन्हा ओरडावे.' मी पाचदा ओरडलो, घसा बसला. शेवटी बायको पुढे झाली आणि रोज स्वयंपाकघरातून मारते तशी हाक मारली, "अहो, ऐकलं का?" समोरच्या कड्यानं तीनदा उत्तर दिलं.

"बघा," ती म्हणाली, "दगडालासुद्धा ऐकू येतं."

लिपिकानं उभं राहून तिच्या कार्डावर शिक्का मारला. माझा त्यानं दयेपोटी मारला. आईनं नुसतं "अगं बाई!" म्हटलं, तेही परत आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं फाटलं. सहा शिक्के झाले होते, उरला होता सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी पहाटेची परतीची गाडी होती, म्हणजे आईला ही एकच संध्याकाळ. आम्ही साडेपाचलाच कड्यावर पोचलो. कड्याच्या अगदी टोकाला, जिथून समुद्र सगळ्यात छान दिसावा तिथे, केबिन होती. तिच्या मागे आमची रांग. समुद्र केबिनच्या पलीकडे. खिडकीवर सूचना होती : 'सूर्यास्त पाहिल्याचा अर्ज सूर्यास्तापूर्वी सादर करावा. सूर्यास्तानंतर कार्यालय बंद.'

"मग बघायचा कधी?" आईनं विचारलं.

आत समुद्राकडे पाठ करून बसलेले निरीक्षक म्हणाले, "आजी, आधी कागद. सूर्य काय, रोजच मावळतो."

"मी रोज येत नाही ना!" आई म्हणाली. तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, रांग सोडली आणि केबिनला वळसा घालून सरळ पलीकडे निघून गेली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं. "त्यांना एकटं कसं सोडू?" म्हणाली आणि तीही गेली. निमित्त मिळाल्याचा आनंद तिच्या चालण्यात दिसत होता.

माझा नंबर आला तेव्हा खिडकीची काच लाल झाली होती. मी तिन्ही कार्डं पुढे केली.

"व्यक्ती समक्ष हजर हवी," निरीक्षक म्हणाले. "या दोघी कुठे आहेत?"

"सूर्यास्त बघायला गेल्यात."

"म्हणजे गैरहजर," ते म्हणाले आणि तसं लिहू लागले.

मी घाबरून ओरडलो, "आई, लवकर ये, शिक्का राहतोय!"

पलीकडून आवाज आला, "राहू दे रे बाबा! इथे सूर्य चाललाय!"

खरं सांगतो, एक पाऊल मी उचललं होतं. पण माझ्या कार्डावर शाई लागायची होती, आणि रांग सोडणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो, हे कलमही माझंच. मी पाऊल खाली ठेवलं. शिक्का घेऊन धावत पलीकडे गेलो, तर पाणी राखाडी झालं होतं. दोघी दगडावर बसून हसत होत्या. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कसा होता गं?" मी विचारलं.

"सांगून कळतंय होय!" ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला लहानपणीसारखं रडू आलं.

निरीक्षक कुलूप लावून आमच्याजवळ आले. जरा घुटमळले. "आजी," ते हळूच म्हणाले, "अकरा वर्षं झाली इथे... तो पाण्याला टेकतो तेव्हा खरंच चपटा होतो का हो?"

"भाकरीसारखा," आई म्हणाली.

सोमवारी माझीच फाइल माझ्या टेबलावर आली. करावं तसं भरावं. मी लाल शाईनं लिहिलं : 'पत्नी व मातोश्रींनी सूर्यास्त पाहिल्याचे सिद्ध होत नाही. रजा नामंजूर.' मग स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली आणि पोच घेतली. ज्या एकाच माणसानं काही पाहिलं नव्हतं, त्याचं कार्ड मात्र चोख होतं. ते मी कपाटात जपून ठेवलं आहे.

हसताय? हसा. मागच्या सहलीत तुम्ही समुद्र पाहिलात ना? त्या संध्याकाळी पाण्याचा रंग कोणता होता, सांगा पाहू. अं हं, खिशातला मोबाईल बाहेर काढायचा नाही.

काढलात? गैरहजर.