सुमनताईंचे पेशंट

सुमनताई फोटो काढायच्या आधी माणसाला श्वास धरायला लावतात.

"श्वास घ्या. धरा. हलू नका." एवढं म्हणून त्या कॅमेऱ्यामागं गप्प उभ्या राहतात. समोरचा माणूस छाती फुगवून, खांदे वर करून, डोळे वटारून उभा. बटण काही दाबलं जात नाही. मग ताई म्हणतात, "सोडा." माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात, चेहरा आपल्या ओट्यावर बसल्यासारखा होतो, आणि नेमकं तेव्हा बटण दाबलं जातं. फोटो झाला हे त्याला कळतही नाही. तो म्हणतो, "काढा की मग." तोवर ताई सामान आवरायला लागलेल्या असतात.

ही सवय दवाखान्यातली. नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एक्स-रे काढले. त्या सांगतात, "एकतीस वर्षं मी लोकांच्या बरगड्या बघितल्या. बाजारात कुणी नमस्कार केला की मला ओळख पटायची नाही. शर्ट काढला असता तर पटली असती."

निवृत्तीनंतर त्यांनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून जुना कॅमेरा घेतला आणि राहिलेले चेहरे बघायला सुरुवात केली. नुसते फोटो नाहीत. त्या माणसाशी तास-दोन तास बोलायचं, त्याचा आवाज छोट्या यंत्रावर घ्यायचा, आणि घरी येऊन फोटो आणि आवाज जोडून आठ-दहा मिनिटांचं काहीतरी तयार करायचं. टीव्हीवर एकामागून एक फोटो येतात आणि खाली तो माणूस स्वतःच स्वतःचं सांगत असतो. याला इंग्रजीत मोठं नाव आहे म्हणे. ताई त्याला 'रिपोर्ट' म्हणतात. ज्याचा काढला तो 'पेशंट'. प्रत्येक पेशंटचे फोटो एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटात. पाकिटावर नाव, वय, गाव, आणि शेवटी 'कुणी पाठवलं'.

माझंही एक पाकीट आहे. मी हिंगोलीकडचा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहे. खोली शोधत जवळच्या सिडको वसाहतीत ताईंच्या दारात आलो तेव्हा त्यांनी आधी पाकीट काढलं. नाव, वय, गाव. मग विचारलं, "शिक्षण?"

या प्रश्नावर माझ्या दोन खोल्या आणि एक नोकरी गेली होती. म्हटलं, "आठवी. सोडली."

"आठवी," त्यांनी लिहिलं. "रात्री घोरतोस?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? मला रेकॉर्डिंग ऐकायचं असतं. वरनं घोरण्याचा आवाज आला तर जमायचं नाही."

एवढ्यावर खोली मिळाली. वरची, गच्चीला लागून. मी त्या दिवशी आनंदानं झोपलो नाही, घोरेन या भीतीनं झोपलो नाही.

अंबडला शनिवारी सुट्टी असते. माझ्याकडे मोटरसायकल होती, ताईंकडे पेशंट होते. दर शनिवारी मागं ताई, त्यांच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी, पाठीला बांधलेलं स्टँड. आवाजाच्या यंत्राला वारा लागू नये म्हणून वर केसाळ टोपी असते. वणीला एका चहावालीनं ते बघून मला हळूच विचारलं, "मावशी मांजर घेऊन का फिरतात?"

माझ्यामुळं एकदा घोटाळाही झाला. सुरगाण्याच्या बाजूला एका पाड्यावर नागली, म्हणजे नाचणी, लावणाऱ्या एका आजींना भेटायचं होतं. गावात घर विचारताना मी मोठ्या आदरानं सांगितलं, "या एक्स-रेच्या मॅडम आहेत, नाशिकच्या." आम्ही आजींच्या ओट्यावर टेकेपर्यंत अंगणात रांग लागली. पंधरा-वीस माणसं. त्यातल्या पुरुषांनी शर्ट काढून हातात घेतलेले. पहिला स्टँडसमोर येऊन उभा राहिला आणि आपण होऊन श्वास धरला.

म्हटलं आता ताई मला इथंच सोडून जाणार. पण त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. "धरा. सोडा. पुढचा." सगळ्यांचे फोटो काढले. शर्ट नसलेले. मध्येच एकाला बाजूला घेतलं. "खोकला किती दिवस?" "लय दिस झालं." "थुंकीतून रक्त?" त्यानं खाली बघत मान हलवली. ताईंनी त्याला तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, तिथल्या एक्स-रेवाल्याला फोन लावला आणि त्याला चांगलं झापलं, म्हणाल्या, माझा माणूस येतोय, उभा ठेवू नकोस. पुढच्या महिन्यात आम्ही सगळ्यांचे फोटो द्यायला गेलो. तो माणूस गोळ्या खात होता. आपला फोटो उलटासुलटा करून बघत म्हणाला, "बाई, यात आतलं काय दिसत नाय."

"मला दिसतंय," ताई म्हणाल्या.

कामाचे त्यांचे दोन नियम. एक, रिपोर्ट आधी पेशंटला दाखवायचा, त्याच्या हातात द्यायचा. तो हो म्हणाला तरच दुसऱ्याला. नातेवाइकाच्या हातात रिपोर्ट नाही. दुसरा, माणूस जे बोलला ते बोलला, त्यातलं सोयीचं ठेवून गैरसोयीचं काढायचं नाही. "फुप्फुसावर डाग दिसला तर मी काय खोडरबर घेऊन बसू?"

फोटोखाली लिहायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. मी म्हटलं, ताई, माझं शिक्षण. त्या म्हणाल्या, "तुझं अक्षर वाचता येतं. मी एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलीत, मला किंमत कळते." कारखान्यात माझ्या सहीपलीकडं कुणी काही मागत नाही. ताईंकडं मी वाक्यं लिहायला लागलो.

तर या दोन नियमांचं काय झालं ते सांगायचं आहे.

देवळ्याजवळ एक आबा होते. पंचाहत्तरीचे. कांदे साठवायच्या चाळीत नुसते चालत जायचे आणि नाकानं सांगायचे की कुठल्या कप्प्यात कांदा सडायला लागलाय. आजूबाजूचे शेतकरी त्यांना मुद्दाम बोलावायचे. ताईंनी त्यांचे फोटो काढले ते चाळीच्या फळ्यांना नाक लावलेले. आबा खुशीत होते. "ह्या कप्प्यात एक सडेल शे," म्हणाले, हात घातला, आणि तोच कांदा बाहेर काढला.

मग ओट्यावर बसून बोलणं झालं. चाळीचं, बायकोचं, बैलांचं. ताईंनी विचारलं, मुलं? आबा म्हणाले, एकच. रवींद्र. नाशिकला कंपनीत आहे. मग ओट्यावर बोट फिरवत म्हणाले, "रोज फोन करतो. 'आबा, जेवले का?' इतलंच इचारतो. मी हा म्हणतो. जेवेल असो का नसो. मी नाही म्हटलं तर त्याच्याजवळ पुढचा प्रश्नच नाही." आणि हसले. यंत्र चालू होतं.

येताना पिंपळगावला मी घरी लावायला फोन काढला आणि परत खिशात ठेवला. माझा बाप हिंगोलीला असतो. मीही फोनवर तेच विचारतो.

रिपोर्ट तीन आठवड्यांत झाला. शनिवारी दाखवायला जायचं ठरलं. शुक्रवारी सुपरवायझर म्हणाला, उद्या ये, माल अर्जंट जायचाय. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं की माणूस लक्षात राहतो, आणि मला लक्षात राहायची भीती वाटते. ताईंना म्हटलं, पुढच्या शनिवारी जाऊ.

पुढच्या शुक्रवारी ताईंनी आबांना फोन लावला. उचलला दुसऱ्यानंच. ताई म्हणाल्या, "आबांना सांगा, रिपोर्ट तयार आहे, उद्या घेऊन येतो."

पलीकडून विचारलं, "कसला रिपोर्ट? आबा बुधवारी गेले. त्यांना काही आजार होता का? आम्हाला कसं नाही सांगितलं त्यांनी?"

तो रवींद्र होता. ताईंनी त्याला समजावून सांगितलं, आजार नव्हता, फोटो आहेत, आवाज आहे. सांगून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. मी तिथंच होतो. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेरावा झाल्यावर रवींद्र सिडकोत आला. माझ्याच वयाचा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, डोक्याचे केस काढलेले. म्हणाला, "मॅडम, आबांचा आवाज आहे म्हणे तुमच्याकडं. माझ्याकडं फोटो आहेत, आवाज कुठंच नाही. रोज बोलायचो, पण ते काय, बोलून झालं की गेलं."

ताई म्हणाल्या, "रिपोर्ट मी पेशंटच्याच हातात देते."

तो उभाच राहिला. "पेशंट तर गेला ना मॅडम."

"हो. म्हणून तर."

तो परत गेला. आठवड्यानं पुन्हा आला, दारातूनच विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ताई बाहेर गेल्या होत्या, मीच दार उघडलं. म्हणाला, "तुम्ही सांगून बघा ना. तुमचं ऐकतील. माझी पोरगी दोन वर्षांची आहे. तिला आबा कसे बोलायचे ते कसं सांगू?"

मी त्याला पाणी दिलं. मी ओव्हरटाइमला गेलो नसतो तर आबांनी स्वतःच हो की नाही सांगितलं असतं, हे मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.

ताई आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. म्हटलं, "ताई, नियम माणसासाठी असतात. द्या त्याला. फार तर ते एक वाक्य काढा आणि द्या."

"काढू? एक काढलं की मग पुढच्या पेशंटनं माझ्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?"

"मग तसंच द्या."

"तू ऐकशील? तुझे वडील गेल्यावर, ते वाक्य?"

मी वर निघून गेलो. दोन दिवस खाली उतरलो ते फक्त कामाला जायला. घर सोडायला सांगतील असंही वाटत होतं. आवाज चढवला की माणसाला जागा सोडावी लागते, हे मी आठवीपासून शिकलोय.

शनिवारी सकाळी त्यांनीच खालून हाक मारली. "ज्ञानोबा, खुर्च्या लाव. रवींद्रला बोलावलंय."

तो आला. ताईंनी टीव्ही लावला. आबा चाळीत शिरले, फळीला नाक लावलं, 'ह्या कप्प्यात एक सडेल शे' म्हणाले, आणि रवींद्र हसला. मोठ्यानं हसला आणि मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला. बायकोचं आलं, बैलांचं आलं. मी माझ्या खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. ताईंनी विचारलं, मुलं? आबा म्हणाले, एकच. रवींद्र. नाशिकला कंपनीत आहे. रोज फोन करतो.

आणि आबांचा ओट्यावरचा फोटो आला, हसतानाचा, आणि संपलं.

रवींद्रनं ते आणखी दोनदा बघितलं. ताईंनी पेन ड्राइव्ह पाकिटात घालून दिला. जाताना तो त्यांच्या पाया पडला. ताई मागं सरकल्या, त्यांना ते जमत नाही.

खिडकीतून दिसत होतं, तो गाडीवर बसला होता, पण गाडी सुरू करत नव्हता. पाकीट टाकीवर ठेवून नुसता बसला होता.

मी हळूच म्हटलं, "ताई, पुढचं काढलंत."

"हं."

"नियम?"

"पोराला सांगायचं असतं तर आबांकडं फोन होता की रे. रोज येत होता. त्यांनी त्याला नाही सांगितलं. मला सांगितलं."

"मग ते पुसलं तुम्ही?"

"पुसू कशाला? ठेवलंय." खाली गाडी सुरू झाली. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या थांबल्या. "कुणी एवढं विश्वासानं सांगितलेलं माझ्याजवळ फार काही नाहीये, ज्ञानोबा. तेवढं राहू दे माझ्याकडं."