अठरा मिनिटांचा मुक्काम

“माझी अठरा मिनिटं कुठे गेली?”

साहेब दार ढकलून आत आले ते ओरडतच. वेबताईच्या हातातला कप हिंदकळला आणि अर्धा चहा की-बोर्डवर सांडला. गीझर बनवणाऱ्या त्या कंपनीत वेबसाइट सांभाळणारी ती एकटीच होती, म्हणून सगळे तिला वेबताई म्हणत. मदत करायला मात्र कोणी येत नसे.

“कालपर्यंत अठरा होती. आज बघतो तर दोन! दोन मिनिटं! काय करून ठेवलंत तुम्ही?”

“साहेब, ती आधीची अठरा मिनिटं म्हणजे...”

“मला शिकवू नका!”

या अठरा मिनिटांचं प्रकरण असं होतं. वेबसाइटवर किती लोक आले, कोणत्या मोबाइलवरून कधी आले आणि सरासरी किती वेळ थांबले, एवढंच सांगणारी एक जुनी मोजणी कंपनीत तीन वर्षं चालू होती. ती सांगायची, माणशी अठरा मिनिटं. साहेब हा आकडा प्रत्येक मीटिंगमध्ये काढत. “सख्खा भाऊ घरी आला तरी अठरा मिनिटं बसत नाही हो! आपल्या वेबसाइटवर लोक बसतात. का? तिथून त्यांचा पाय निघत नाही!” त्यांच्या खुर्चीमागे दोन फ्रेमा होत्या. एकीत ‘सरासरी मुक्काम : अठरा मिनिटं’, दुसरीत ‘तीन वर्षांतल्या तक्रारी : शून्य’. साहेब त्या स्वतःच्या रुमालानं पुसत.

पुढे ती जुनी मोजणीच बंद होणार असं कळलं आणि सगळं उचलून नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचं काम वेबताईच्या गळ्यात पडलं. सोबत धमकीही होतीच. “आकडे जराही हलले, तर तुमचं कायम केल्याचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच राहील.” ते पत्र सात महिने त्या ड्रॉवरमध्ये होतं. फक्त सही व्हायची होती. दर महिन्याला वेबताईला एक महिन्याची मुदतवाढ मिळे आणि दर महिन्याला तिची आई विचारे, “अगं, झालं का कायम?” या प्रश्नाला तेच उत्तर सात वेळा देऊन बघा, म्हणजे वेबताईच्या कपाळावर आठी का होती ते कळेल.

तीन आठवडे ती राबली. जुन्या नोंदी नव्या ठिकाणी नेल्या, एकेका पानावर नवा कोड बसवला, दोन्ही मोजण्या आठवडाभर शेजारी शेजारी चालवून आकडे जुळवले. जुळलेही. पण नव्या मोजणीत एक रकाना जास्तीचा होता. त्याचं नाव ‘संतापाचे क्लिक’. एकाच जागी कोणी धडाधड पाच-सहा वेळा बोट मारलं, की तो माणूस चिडलाय असं समजून ती मोजणी नोंद करी. एका आठवड्यात अशा नोंदी झाल्या होत्या अकरा हजार. सगळ्या एकाच पानावर, एकाच बटणावर. पान ‘तक्रार नोंदवा’, बटण ‘पाठवा’.

वेबताईनं एक खोटी तक्रार लिहिली. सतरा रकाने भरले. ‘पाठवा’ दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तर भरलेले सतराच्या सतरा रकाने कोरे झाले. तिनं ते पुन्हा भरले. चौथ्या खेपेला तिनं माउसवर असं धडाधड बोट आपटलं की ‘संतापाचे क्लिक’मधला आकडा एकानं वाढला. यंत्रानं तिचाही संताप मुकाट्यानं लिहून घेतला होता.

ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. वेबसाइट बांधणाऱ्यानं ते नुसतं रंगवलं होतं आणि पैसे घेऊन तो निघून गेला होता. कंपनीत फोन लावावा तर रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगे, “तक्रारीसाठी कृपया आमच्या वेबसाइटला भेट द्या.” म्हणजे तीन वर्षं लोक अंगावर टॉवेल गुंडाळून, कुडकुडत, पुन्हा पुन्हा सतरा रकाने भरत होते. अठरा मिनिटं लागत होती ती याला. आणि हा माणूस त्याची फ्रेम करून रुमालानं पुसत होता! वेबताईचं डोकं असं फिरलं की बुधवारी संध्याकाळी, कोणाला न विचारता, तिनं ते बटण जोडून टाकलं. काम दहा मिनिटांचं होतं. तक्रारी जातील असा ई-मेलचा पत्ता अर्जात होताच. तो साहेबांचा होता.

म्हणून गुरुवारी सकाळी मिनिटं दोनवर आली होती आणि साहेबांच्या खिशातला मोबाइल टिंग टिंग करत होता.

“आणि हे काय वाजतंय सकाळपासून?”

“तक्रारी आहेत, साहेब.”

“आपल्याकडे तक्रारी नसतात!”

“नसतात कशा? पोचत नव्हत्या. आता पोचतायत. दोनशे चाळीस झाल्या.”

साहेबांनी मोबाइल काढला, एकही न उघडता सगळ्या निवडल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकल्या. “झालं. शून्य.”

“तुमच्याकडे शून्य. माझ्याकडे नोंद आहे.”

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिला आपल्या खोलीत नेलं, ड्रॉवर उघडून पत्र दाखवलं आणि ड्रॉवर धाडकन बंद केला. “उद्या मालकीणबाई येतायत. त्याच्या आत ते बटण होतं तसं झालं पाहिजे.”

“म्हणजे तोडू?”

“तोडू नका हो! पूर्वीसारखं करा!”

वेबताई जागेवर येऊन बसली. बटणाचा धागा काढायला एक ओळ पुसायची होती. आईचा चेहरा डोळ्यासमोर आला. तिनं ओळीवर बोट ठेवलंही. तेवढ्यात तिची नजर तक्रार क्रमांक एकशे सत्त्याऐंशीवर गेली. पाठवणारा माणूस अकरा महिने, रोज सकाळी सहा चाळीसला न चुकता साइटवर येत होता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नाव सांगून काय उपयोग?’ पुढे लिहिलं होतं, ‘गीझर तुमचा. पाणी बर्फासारखं. हे मी तीनशेव्यांदा लिहितेय. कोणी जिवंत आहे का तिकडे?’

“आहे,” वेबताई दातओठ खात म्हणाली. “गेलं खड्ड्यात ते पत्र.” आणि तिनं ओळ तशीच ठेवली.

शुक्रवारी कंपनीच्या मालकीणबाई साहेबांच्या खोलीत येऊन बसल्या. सत्तरीच्या, बोलायला तुटक, आणि तीन महिन्यांतून एकदाच येत असल्यानं सगळं एका दिवसात विचारून घेणाऱ्या. पडद्यावरचा आकडा बघून त्यांनी चष्मा वर केला.

“दोनच मिनिटं?”

“नवी यंत्रणा बिघडलीय, बाई,” साहेब म्हणाले आणि वेबताईकडे असं बघितलं, की तिला आपलं पत्र फाटल्याचा आवाज आला. “पण आपल्यावर लोकांचं प्रेम किती, ते जुन्या नोंदीत बघा ना! हा एक ग्राहक. अकरा महिने! रोज सकाळी सहा चाळीसला! आधी आपली वेबसाइट उघडतो, मग दिवसाची सुरुवात करतो!”

“कोण आहे हा?”

“असेल कोणी तरी चाहता.”

“मग त्याचा सत्कार करू या. नंबर मिळेल?”

“मिळेल,” वेबताई म्हणाली. “कालच कळवलाय त्यांनी.” तिनं एकशे सत्त्याऐंशीचा फोन नंबर कागदावर उतरवून दिला.

साहेबांनी कागद ऐटीत हातात घेतला. मालकीणबाईंनी टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला. साहेब खणखणीत आवाजात एकेक आकडा वाचू लागले. चौथ्या आकड्याला ते जरा थांबले. सहाव्याला आवाज खाली आला. शेवटचे दोन आकडे तर मालकीणबाईंनी कागद ओढून घेऊन स्वतःच दाबले आणि मागच्या बाजूला वेबताईनं लिहिलेलं ‘तक्रार क्रमांक एकशे सत्त्याऐंशी’ही वाचलं.

“हॅलो?” पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“गीझरच्या कंपनीतून बोलतेय. तुमची तक्रार होती...”

“अगं बाई! जिवंत आहात?” आवाज एकदम चढला. “अकरा महिने झाले! अकरा! रोज तुमचं ते मेलं बटण दाबतेय मी! बोट झिजलं माझं!”

“कंपनीत ओळखीचं कोणी नव्हतं का?”

“ओळखीचं? आमचे हे तिथेच आहेत ना कामाला! म्हणाले, घरच्यांना वेगळा नियम नाही, वेबसाइटवर नोंदव. नोंदवली म्हटलं, तर म्हणाले, नोंदवली असतीस तर मला आली असती, तुला जमत नसेल. मला! मी दोन पोरांचे शाळेचे अर्ज भरले, यांच्या पासपोर्टचा अर्ज मी भरला, आणि मला म्हणे जमत नसेल!”

“कोणत्या पदावर आहेत ते?”

“सांगतात तर मोठा साहेब आहे म्हणून. मला नाही वाटत. मोठ्या साहेबाच्या घरात असं पाणी येईल का, सांगा? आणि यांना त्याची झळ नाही हो. यांची बादली मी गॅसवर तापवून देते, म्हणून यांचं सगळं छान चाललंय!”

साहेब आपल्या ‘शून्य’च्या फ्रेमेकडे बघत होते. वेबताईनं ओठ घट्ट मिटून घेतले, कारण सात महिन्यांचा संताप हसून वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

“तुमचा नंबर एकशे सत्त्याऐंशी आहे,” मालकीणबाई फोनवर म्हणाल्या. “सगळ्या तक्रारी क्रमानं दुरुस्त होतील. घरच्यांना वेगळा नियम नाही, हे तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.”

“थांबेन की! कोणी ऐकलं, हेच खूप. पण आजपासून मी माझ्यापुरतंच पाणी तापवणार. यांना सांगा, रांगेत उभे राहा.”

“ते ऐकतायत,” मालकीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी वेबताईला विचारलं, बटण कोणी जोडलं, कधी जोडलं, आणि तुम्ही इथे कायम आहात की नाही. पत्र ड्रॉवरमधून निघालं. साहेबांनी सही केली ती इतक्या रागानं, की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. वेबताईला त्या भोकासकट ते पत्र आवडलं.

सोमवारी तिनं नवी मोजणी उघडली. बुधवारी दुरुस्त केलेल्या पानाशेजारी तिनं ‘माझी तक्रार कुठवर आली?’ असं आणखी एक बटण लावलं होतं, आणि ते पहिल्याच दिवशी नीट चालू झालं होतं. सकाळी सहा चाळीसला एक नवा माणूस साइटवर आला होता. घर तेच, मोबाइल वेगळा. बटण दर वेळी त्याला तेच उत्तर देत होतं. ‘आपल्याआधी एकशे बेचाळीस तक्रारी आहेत.’ संतापाचे क्लिक होते त्रेसष्ट.

साडेनऊला साहेब आले. केस बिनआंघोळीचे, कुडकुडून नाक लाल, आणि येता येताच एक जोरदार शिंक. कोणाशी न बोलता ते आपल्या खोलीकडे निघाले. वेबताईनं पडद्यावरची, त्या नव्या माणसाच्या मुक्कामाची शेवटची ओळ पुन्हा एकदा नीट वाचून घेतली आणि मग त्यांना हाक मारली.

“साहेब, तुमची अठरा मिनिटं सापडली.”