कालचे मांस, कालचा भात आणि कुरणाचा तह

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. चुलीतल्या अग्नीस आणि पानावर बसलेल्या भुकेल्या जिवास नमस्कार करोन लिहावयास घेतले. शके सोळाशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, माघ शुद्ध पक्षी, थंडी कडाक्याची पडली असता डोंगरपायथ्याच्या एका राज्यात जे वर्तमान जाहाले, ते वडीलधाऱ्यांचे तोंडून ऐकिले तैसे सांगतो. राज्याचे नाव पुसाल तर ते लिहिण्याची आज्ञा नाही.

त्या राज्यी सुभानराजे राज्य करीत होते, आणि त्यांच्या राणी दर्याबाईसाहेब. बाईसाहेबांचे माहेर नदीपलीकडल्या राज्यात, आणि तेथे त्यांचे थोरले बंधू हैबतराव गादीवर. दोहों राज्यांमध्ये एक कुरण होते. त्याचे गवत कोणाच्या गुरांनी खावे यावरोन कटकट लागली, आणि कटकटीची मारामारी जाहाली, आणि मग दोहींकडील माणसे पडली, आणि बाईसाहेबांचे माहेर तुटले. भाऊबीज येई, ओवाळणीचे ताट बाईसाहेब आपले हाते सजवीत, आणि सांजेस कोणी न बोलता ते उचलोन ठेवीत. आईचे अखेरचे दुखणे जाहाले, तेव्हाही नदी ओलांडावयास वाट मिळाली नाही. ते बाईसाहेबांचे उरात राहिले, परंतु राजांजवळ त्यांनी कधी बोलोन दाखविले नाही. अखेर दोहींकडील लोक थकले आणि माघ शुद्ध तृतीयेचा सूर्य मावळेतो शस्त्र न उचलावे ऐसा करार ठरला. मग बाईसाहेबांनी राजांस विनविले जे, "मुदत सरण्याआधी दादांस जेवावयास बोलवावे. पोटभर जेवलेला माणूस निम्मा भांडतो." राजांस ते पटले, आणि द्वितीयेस भोजनास यावे ऐसा निरोप नदीपार गेला, आणि येतो ऐसे उत्तर आले.

मग मुदपाकखान्यात काय धांदल उडाली म्हणावी. बकरे कापिले, मसाले वाटिले, मोठमोठ्या हंड्यांत मांस शिजले, त्याचा वास वेशीपावेतो गेला, आणि भात तर इतका रांधिला की परातींचा ठाव अपुरा पडला. पाने मांडिली, रांगोळ्या घातल्या. दोन प्रहर जाहाले, पाहुणा नाही. दिवस कलला, पाहुणा नाही. सुभानराजे पानावर बसोन वाट पाहात होते, ते उठिले आणि म्हणाले, "मेहुण्यांनी आम्हास भरल्या पानावर बसवोन ठेविले. आता आम्ही जेवत नाही." दिवाण रंगोपंत वृद्ध आणि सावध गृहस्थ. त्यांनी अन्न वाया न जावे म्हणोन साऱ्या नगरास जेवू घातले. पहाऱ्याचे लोक जेवले, पागेचे जेवले, कुंभार, कोष्टी, भोई जेवले. एक राजे मात्र उपाशी राहिले, आणि ते राहिले म्हणोन बाईसाहेबही राहिल्या. राजांनी पागेस हुकूम दिल्हा की, उद्या घोड्यांवर जिने चढवोन ठेवावी, सूर्य मावळताच कूच. बाईसाहेब इतकेच म्हणाल्या, "मावळेतो तरी वाट पाहू." राजे म्हणाले, "मावळेतो पाहू. त्यापुढे मजला काही सांगू नका."

दुसरे दिवशी उन्हे वर आली आणि वेशीवरील पहारेकरी धावत आला की, हैबतराव आले, सोबत एकच माणूस, पायी आले, अंगावर धुळीचा थर. वाड्यात एकच गडबड उडाली, कारण आचारी आदल्या दिवशी थकोन घरोघर गेले होते आणि मुदपाकखान्यात ठकूबाई म्हणोन एक जुनी बाई तेवढी भांडी घाशीत होती. बाईसाहेब पायऱ्या उतरोन पुढे आल्या. भाऊ दिसला. केस पिकले होते, गाल बसले होते. मनात आले की वडीलच उभे आहेत. पाया पडावे म्हणोन वाकल्या, तो हैबतराव एक पाऊल मागे सरले, आणि मग आपणच ओशाळोन पुढे होऊन म्हणाले, "सुखी आहेस ना, बाई?" बाईसाहेब म्हणाल्या, "आहे, दादा. काल वाट पाहिली." त्यावर ते अंगावरली धूळ झाडू लागले.

सदरेवर गादी घातली, सुभानराजे समोर बसले, बोलणे हवापाण्याचे चालले, आणि कुरणाचे नाव कोणी काढीना. पाण्याचा तांब्या आला, तो हैबतरावांनी घेतला, मांडीशी ठेविला आणि प्याले नाहीत. विडा दिल्हा, तो बोटांत धरिला, तोंडात घातला नाही. उन्हातून चालत आलेला माणूस, ओठ वाळले होते, तरी प्याले नाहीत. हे कोणी पाहिले नाही, एक बाईसाहेबांनी मात्र पाहिले. काल का आले नाहीत हेही त्यांस तेव्हाच कळले.

त्या उठोन आत गेल्या. मागोमाग रंगोपंत गेले, राजेही गेले. रंगोपंत म्हणाले, "बकरा कापावयास सांगितला आहे, परंतु शिजेतो दिवस कलेल. कालचे मांस हंडीत थोडे उरले आहे. तेच ऊन करोन ताजे म्हणोन वाढावे, पाहुण्यास काय कळणार?" राजे संतापिले. "पाहुण्यास शिळे? ते तोंडाने सांगत फिरतील आणि आम्हास चार मुलखांत तोंड दाखवावयास जागा राहणार नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "ताजे वाढाल तर दादा हात लावणार नाहीत, आणि शिळे ताजे म्हणोन वाढाल तरीही लावणार नाहीत. मी वाढीन आणि शिळेच आहे ऐसे सांगेन." राजे म्हणाले, "तुमचे डोके ठिकाणावर आहे ना?" बाईसाहेब म्हणाल्या, "आहे. आपण फक्त घडीभर रागावू नये." मग त्या सदरेवर परत आल्या आणि भावास म्हणाल्या, "दादा, इथे वारा झोंबतो. चुलीपाशी चला, मी रांधते, आपण बसा." हैबतरावांनी एकवार आपल्या माणसाकडे पाहिले आणि उठिले.

मुदपाकखान्यात चुलीजवळ पाट मांडिला. बाईसाहेबांनी पदर खोविला. लढाईच्या दिवसांत डोंगरातल्या छावणीत राहोन त्या सारे शिकल्या होत्या, हाताला सवय होती. ठकूबाईने हंडी पुढे आणिली. थंडीने रस्सा गोठला होता आणि वर चरबीचा पांढरा थर धरिला होता. बाईसाहेबांनी तो थर पळीने काढोन कढईत घातला. दुसरे तेल, तूप घेतले नाही. मग मांसाचे तुकडे हाडांपासोन सोडविले आणि बोटांनी बारीक केले, आणि कालचा भात परातीत पसरोन हाताला पाणी लावोन शीतन् शीत मोकळे केले. बोलत होत्या त्या ठकूबाईशी, परंतु ऐकावे भावाने. "ठकू, हे मांस कालचेच ना?" "कालचेच, आईसाहेब." "कोण कोण जेवले?" ठकूबाई म्हणाली, "कोण नाही जेवले ते पुसा. वेशीवर ज्याने पाहुण्यांस दार उघडिले तो तीनदा पानावर बसला. सकाळी पुन्हा उरले का म्हणोन विचारावयास आला होता. मी पिटाळोन लाविला."

हैबतराव पाटावर बसोन ऐकत होते. चरबी वितळली, तीत लसूण ठेचोन पडला, कांदा पडला, मिरे पडले, आणि मांस घातले तैसे ते चरचर वाजू लागले. बाईसाहेबांनी ते हलविले नाही, खालून तांबूस होऊ दिल्हे, मग उलथिले, मग भात घातला आणि जाळ मोठा केला. वास असा उठिला की दारात उभे सुभानराजे, जे कालपासोन उपाशी, त्यांनी आवंढा गिळिला. तेव्हा हैबतराव खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी काल निघालो होतो. नदी ओलांडिली. आमच्याच लोकांनी मागोमाग निरोप पाठविला की मेजवानीत विष आहे, जाऊ नये. रात्र मी कुरणात काढिली. पुढे येववेना, मागे जाववेना." बाईसाहेबांचा हात कढईवर थांबला. डोळे भरोन आले ते धुराने की कशाने, कोणी सांगावे. आपल्या हातच्या अन्नास भाऊ भ्याला, हे दुःख थोडे नव्हते. परंतु खालचा भात लागू लागला होता, म्हणोन त्यांनी आधी तो परतिला, मीठ पाहिले, आणि मग म्हणाल्या, "दादा, निरोप खरा मानिला याचा राग नाही. इतकी माणसे मेली, कोणी काही मानावे. म्हणोन तर मी नवे काही रांधिले नाही. हे साऱ्या नगराने कालच खाऊन पाहिले आहे, आणि सारे नगर आज आपल्या डोळ्यांसमोर हिंडते आहे. मीठ आणि कांदा आपल्यासमोर पडला. यापरता मी काय करू?"

मग वर कोथिंबीर टाकिली, लिंबू पिळिले, आणि एकाच मोठ्या थाळीत भात काढोन पाटापुढे ठेविला. हैबतरावांचा हात मांडीवरोन हालेना. इतक्यात सुभानराजे दारातोन आत आले, पागोटे काढोन खुंटीस लाविले, अस्तन्या सारिल्या आणि पाहुण्यासमोर मांडी घालोन बसले. म्हणाले, "मेहुणे, तुम्ही खा अथवा न खा. मी कालपासोन तुमच्यावरील रागाने उपाशी आहे. आता राग धरवत नाही." आणि मोठा घास घेतिला, आणि तो ऊन असल्याने जीभ भाजली, तरी थुंकिला नाही, डोळे मिटोन गिळिला. ते पाहोन हैबतराव हसले. कित्येक वर्षांनंतर त्या घरात कोणी माहेरचे हसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि एक घास घेतिला, मग दुसरा, मग तळाचा करपलेला कुरकुरीत भाग बोटाने आपल्याकडे ओढिला, तो राजांनीही ओढिला, आणि दोघे थाळीवर एकमेकांकडे पाहू लागले. बाईसाहेब म्हणाल्या, "कुरणासारखे करू नका, कढईत आणखी आहे."

निम्मी थाळी सरली आणि हैबतरावांनी हात थांबविला. म्हणाले, "राजे, एक सांगावयाचे आहे. टेकडीआड माझे स्वार आहेत. सूर्य मावळेतो मी परतलो नाही तर त्यांनी चालोन यावे ऐसे सांगोन आलो आहे." सुभानराजांनी तोंडातला घास गिळिला. मग म्हणाले, "माझ्या घोड्यांवर सकाळपासोन जिने आहेत. मीही मावळतीचीच वाट पाहात होतो." बाईसाहेबांनी दोघांकडे पाहिले. एक नवरा, एक भाऊ, दोघांची बोटे एकाच ओशट भातात, आणि दोघांचे सैन्य एकाच सूर्याकडे डोळे लावोन. त्या उठोन दाराशी गेल्या. उन्ह भिंतीवरोन चढू लागले होते. म्हणाल्या, "मग बसता काय? माणसे धाडा. आधी घोडे सोडवा, मग जेवण पुरे करा."

तेव्हा राजांचा माणूस पागेस धावला आणि हैबतरावांचा माणूस टेकडीकडे, आणि बाईसाहेब जोत्यावर उभ्या राहिल्या. कढईत हात घालावयाचे त्यांस सुचेना. बहुत वेळाने पागेतोन जिने उतरविल्याचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा त्या खाली बसल्या आणि कढईतला उरला भात आपण खाल्ला. निवाला होता. चांगला लागला.

सूर्य टेकिला असता हैबतरावांचे स्वार वेशीत आले, तलवारी म्यानात, तोंडे अजून संशयाची. बाहेर कुरणात रात्रभर थंडीने काकडलेले लोक, आणि कालचे मांस तर संपले. मग रंगोपंतांनी घरोघर माणूस धाडोन आचारी बोलाविले, सकाळी कापिलेला बकरा हंडीत चढला, कोष्टी आणि कुंभारवाड्यातल्या बायकांनी भाकरी थापिल्या. स्वारांचा नाईक हैबतरावांकडे पाहू लागला. हैबतराव म्हणाले, "माझ्या बहिणीचे घर आहे, बसा." मग ते बसले. हैबतरावांनी तोच तांब्या मागविला आणि घटाघटा प्याले. पंगतीस ऊन भाकरी आणि ताजे मांस आले, आणि ते कोणी शिजविले, कोणी वाढिले, हे एकानेही पुसिले नाही.

कुरणाचे बोलणे दुसरे दिवशी जाहाले, आणि सरळ जाहाले नाही. एकदा राजे उठोन गेले, एकदा हैबतराव. अखेर पावसाळ्यातील गवत अलीकडल्या गुरांनी खावे आणि हिवाळ्यातील पलीकडल्यांनी, ऐसे ठरले, आणि मधल्या तळ्याचा निवाडा पुढील चैत्रावर टाकिला. तो चैत्रातही पुरता सुटला नाही, परंतु त्यासाठी पुन्हा कोणी घोड्यावर जीन चढविले नाही. निघताना हैबतरावांनी बहिणीस पुसिले, "आईच्या घरी केव्हा येतेस?" बाईसाहेब म्हणाल्या, "आपण न्यावयास माणूस धाडा. मी तयारच असेन." आणि त्या फाल्गुनात माहेरी गेल्या.

येणेप्रमाणे सुभानराजे आणि हैबतराव यांचे सख्य जाहाले. दर्याबाईसाहेबांनी अन्न शिळे म्हणोन लपविले नाही, आणि तेणेकरोन दोन राज्यांची माणसे वाचली. हे जैसे घडले तैसे लिहिले. लिहिण्यात मीठ कमी-जास्त पडले असेल तर वाचणाराने सांभाळोन घ्यावे. इति.