पेडणेकरांची गप्प रेघ

डबा उघडण्याआधी पेडणेकर टाकीच्या कठड्याशी उकिडवे बसत आणि दोन्ही हातांचं एकेक बोट पाण्यात बुडव-काढ, बुडव-काढ करत. एका तालात, चांगली दहा मिनिटं. चिंचवडच्या आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात गार पाण्याची ती सिमेंटची टाकी होती, आणि तिच्या पंपावर पेडणेकर हंगामी कामाला होते. चाळिशीचे, मूळचे कोकणातले, थेरगावात एका खोलीत एकटेच राहत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस धार काढतोय. थेरगावचाच आमचा सोपान तर रोज विचारायचा, "राव, म्हस कुठं हाय?"

पेडणेकर चिडत नसत. "थांबा, रेघ दिसू द्या," एवढंच म्हणत.

रेघ म्हणजे काय, ते त्यांनी मला शंभरदा समजावलं. दोन बोटांपासून लाटांची वर्तुळं निघतात आणि एकमेकांत शिरतात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी दुप्पट उसळतं. उंचवट्याला खड्डा भेटला की ते हलतच नाही. अशा गप्प जागांच्या रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. "आणि जाधव, गंमत पुढेच आहे. पलीकडे गेल्यावर दोन्ही लाटा जशाच्या तशा. एकमेकींतून आरपार गेल्या, पण ओरखडा नाही."

छंद टाकीपुरता नव्हता. सोपानाच्या लग्नात त्यांनी आमटीच्या वाटीत बोटं घातली. वाढप्याला वाटलं, पाहुण्याला केस सापडला. त्याने माफी मागून वाटी बदलली. पेडणेकरांनी नव्या वाटीतही तेच केलं आणि खिन्नपणे म्हणाले, "दाट आहे. लाट मरते."

जेवणाच्या सुट्टीत मी रोज त्यांच्याशेजारी जाऊन बसायचो. कशासाठी, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. नकलांसाठी. संध्याकाळी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर मी दोन कपबशा मांडून पेडणेकर व्हायचो, आणि पाळी सुटलेली माणसं पोट धरून हसायची. हसवणारा म्हणून माझं तिथे नाव झालं होतं.

एका दुपारी पाच-सहा जण भोवती जमले होते. त्यांची रेघ मोडावी म्हणून मी त्यांच्या पाठीमागून मूठभर खडी टाकीत फेकली. हशा पिकला. तासाभरात पंप खडखडला, आतलं पातं मोडलं, आणि अख्ख्या पाळीचं काम बंद पडलं.

फोरमनसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. टाकीशी खेळतं कोण?

"साहेब, मी फक्त बोटं बुडवतो," पेडणेकर म्हणाले. "पाण्यात कधी काही टाकलं नाही."

पुढच्या सोमवारी ते कायम होणार होते. हे मला माहीत होतं, कारण त्यांनी सगळ्यांत आधी मलाच सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते.

"टाकीशी रोज पेडणेकर बसतात, साहेब," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता.

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं.

तिसऱ्या दिवशी ते गावी निघाले, तेव्हा त्यांची ट्रंक घेऊन मी स्टेशनवर गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. पण फलाटावर तेच आधी बोलले. खडी तुम्ही फेकलीत, म्हणाले, मला पाण्यात तुमचा हात दिसला होता.

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"वाटलं, चार शिव्या बसतील आणि मिटेल. तुमचं नाव घेतलं असतं, तर उद्यापासून माझ्याजवळ येऊन कोण बसलं असतं, जाधव? दोन वर्षांत आपणहून रोज येणारे तुम्ही एकटेच."

गाडी आली. मी ट्रंक चढवली. त्यांनी एका कागदावर गावचा पत्ता लिहून दिला, आंब्याच्या दिवसांत या म्हणाले. मी रोज का येत होतो, ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. गाडी हलली, तरी ते खिडकीतून माझ्याकडे बघून हसत होते.