साडूसमोर शपथ

नोटरींनी लोकांकडून किती फी घ्यायची हे ठरवून देणारं परिपत्रक आलं, तेव्हा नानांनी त्याचं पहिलं पान तेवढं वाचलं, त्याची चौपदरी घडी केली आणि कोर्टाच्या आवारातल्या आपल्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. परिपत्रकाचा याहून जास्त उपयोग होईल असं नानांना वाटत नव्हतं.

तसे नाना काही लुबाडणारे नव्हते. शिक्क्याचे ते रीतसर तेवढेच घेत. फक्त शाईचे वेगळे आणि घाईचे वेगळे. ज्याला घाई नसे, त्याला घाई होईपर्यंत ते ताटकळत ठेवत. सगळं मिळून दुपटीवर जाई, पण त्याला फी म्हणायला नाना तयार नसत.

गोची दुसऱ्या पानावर होती. ठरलेल्या फीहून आपण जास्त घेत नाही, असं प्रतिज्ञापत्र प्रत्येक नोटरीनं महिनाअखेर द्यायचं होतं. नाही दिलं तर परवाना रद्द. हे नानांना कळलं ते शेवटच्या दिवशी दुपारी. त्यांनी घाईघाईनं कागद तयार केला, खाली सही केली, वर आपलाच शिक्का हाणला आणि परवाना कचेरी गाठली.

“नाना, हे काय?” कारकून म्हणाला. “शपथ घेणारे तुम्ही आणि देणारेही तुम्हीच?”

“मग? माझा माझ्यावर विश्वास आहे.”

“सरकारचा नाही. नवा कागद करा, दुसऱ्या नोटरीचा शिक्का घ्या आणि ऑफिस बंद व्हायच्या आत आणा.”

“दुसरा नोटरी म्हणजे...”

“तोच,” कारकून म्हणाला आणि त्यानं सहानुभूतीनं मान खाली घातली.

तो म्हणजे नानांचा साडू. त्याचं टेबल नानांच्या बरोबर समोर होतं आणि दोघांच्या मध्ये गिऱ्हाइकांचा एकच सामाईक बाक. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या रोज फोनवर तासभर बोलत. नवऱ्यांनी मात्र कित्येक वर्षांत एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. लेकीच्या कॉलेजच्या कागदांवर शिक्का घ्यायला आलेल्या साडूकडून नानांनी शाईचे आणि घाईचे वेगळे घेतले होते. तो घाव साडूच्या इतका जिव्हारी लागला, की त्यानं स्वतःच नोटरीचा परवाना काढला.

नाना नाक मुठीत धरून त्याच्यासमोर उभे राहिले. “साडूभाऊ, एक शिक्का हवा होता.”

साडूनं कागद वाचायला घेतला. वाचण्याचे वेगळे मिळत नसल्यामुळे एरवी तो कुठलाच कागद वाचत नसे. हा मात्र त्यानं चवीचवीनं दोनदा वाचला.

“मारतो की. फीवर शाईचे वेगळे. घाई आहे का?”

“आजच द्यायचाय.”

“मग घाईचेही वेगळे.”

“अहो, जास्त फी घेत नाही असं लिहिलेल्या कागदासाठीच तुम्ही जास्त फी मागताय?”

“तसं तुम्ही लिहिलंय. मी कुठं लिहिलंय?”

“मी तक्रार करीन!”

“करा ना. तक्रार प्रतिज्ञापत्रावर लागते. लिहून आणा, शिक्का मीच मारतो. त्याचे वेगळे.”

नानांनी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. “अहो, देऊन टाका काय मागतायत ते!” ती म्हणाली. “परवाना गेला तर दिवसभर घरात बसाल. मला नाही झेपायचं.”

नानांनी पाकीट काढलं. इथंच साडू थांबला असता तर त्याचं भलं झालं असतं. पण विजय त्याच्या डोक्यात गेला होता.

“असं कसं? शपथ राहिली की,” तो म्हणाला. “उजवा हात वर करा आणि मोठ्यानं वाचा. कायदाच आहे तसा.”

कायदा होता खरा, पण त्या आवारात तो आजवर कोणी पाळला नव्हता. बाकावरची मंडळी सावरून बसली. नानांनी हात वर केला.

“मी शपथेवर सांगतो की, सरकारनं ठरवून दिलेल्या फीहून...”

“सरकारनं फी ठरवून दिलीय?” बाकावरच्या एक आजी म्हणाल्या. “किती?”

“वाचा, वाचा,” साडू खुशीत म्हणाला. “आकडाही वाचा.”

नानांनी आकडा वाचला. 

“एवढीच?” आजी म्हणाल्या. “मग सकाळी माझ्याकडून शाईचे कसले घेतलेत हो?”

 दुसऱ्यांच्या खोट्या कागदांवर नानांनी डोळे झाकून शिक्के मारले होते. पण हात वर करून, आजी समोर बघत असताना, पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून फुटेना. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी हात खाली घेतला, आजींचे जादा पैसे परत दिले, त्यांच्या शेजारी बसलेल्या एका टेम्पोवाल्याचेही दिले, आणि मग हात पुन्हा वर करून शपथ शेवटपर्यंत खणखणीत वाचली.

साडूनं शिक्का मारला. “हं, आता काढा. फी, शाईचे, घाईचे...”

“साहेब,” टेम्पोवाला उठून म्हणाला, “तुमच्यासाठी सरकारनं वेगळा दर काढलाय का?”

त्याच्यापाठोपाठ अख्खा बाक उठला. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं साडूची होती. साडूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे ठरलेली फी तेवढी घेतली. पावतीसुद्धा दिली.

नाना वळणार तोच साडूनं हळूच हाक मारली, “नाना.”

त्याच्या हातात त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र होतं. त्यावर शिक्काही त्याचाच होता आणि शिक्क्यावर कारकुनानं मारलेली लाल फुली.

“माझंही आजच द्यायचंय,” साडू पुटपुटला. “चला ना, तिकडे कँटीनमध्ये बसून उरकू. आपण काय, घरचीच माणसं.”

नानांनी आपल्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढली आणि ते ऐसपैस बसले. कित्येक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

“कँटीन कशाला? इथंच या. उजवा हात वर करा, साडूभाऊ. आणि जरा मोठ्यानं बरं का, आजींना कमी ऐकू येतं.”

“मला चांगलं ऐकू येतं,” बाकावर पुढं सरकत आजी म्हणाल्या. “पण होऊ दे मोठ्यानंच.”