आप्पासाहेबांची गॅलरी

क्रीडा मंडळाचे अध्यक्ष म्हणून फुलंब्रीच्या आप्पासाहेबांनी मैदानावर गॅलरी बांधून घेतली ती क्रिकेटसाठी. षटकार पाहुण्यांच्या डोक्यात पडू नये म्हणून सीमारेषेच्याही पार मागे, आणि सगळं मैदान नजरेत यावं म्हणून चांगली उंच. क्रिकेटला ती झकासच होती. चेंडू उडाला की दिसतो, पंचांचे हात वर गेले की कळतं, मधल्या वेळात शेंगा खाता येतात.

पण आज तिथे लासूर स्टेशनविरुद्ध मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, आणि फुलंब्रीकडून त्यांची नात अपेक्षा खेळत होती. घरातून निघताना तिने बजावलं होतं, "आबा, दर वेळेला तुम्ही न बघताच शाब्बास म्हणता. आज बघून म्हणा. आता मी शिकायला पुण्याला जाणार, मंग इथं कुठं खेळणार?"

बघायचं होतं हो बिचाऱ्यांना. पण मैदानात सपाट जागा एकच, मधली खेळपट्टी. मॅट तिथेच अंथरली. गॅलरीतून पोरी म्हणजे सतरंजीवर सांडलेले तांदूळ. कबड्डीत सगळा न्याय पायाच्या अंगठ्यावर होतो, आणि इथून अंगठा सोडा, माणूस कोणतं तेही कळेना. लोक वैतागून उठले आणि मॅटभोवती जाऊन उभे राहिले. कुस्तीच्या फडात पुढचे खाली बसतात म्हणून मागच्यांना दिसतं. इथे बसायला गॅलरी होती ना, मग खाली कोण कशाला बसेल? आता तांदूळही दिसेनात. गॅलरीत फेटा बांधलेले आप्पासाहेब एकटे उरले.

त्यांनी खाली गेलेल्या बायकोला, द्वारकाबाईंना, फोन लावला. "अगं, काय चाललंय?"

"लई गर्दी हाय. माझी भाची सुरेखा बी आलीय. किती वाळली वो ती."

"अपेक्षाचं सांग."

"दम धरा की. तिकडं गेली. आली. परत गेली."

"गुण किती झाले?"

"मला काय म्हाईत? निस्त्या पाठी दिसतात. थांबा, शेजारचा शिवराज म्हणतोय बरोबरी झाली. शेवटची चढाई आपल्या पोरीची हाय."

आप्पासाहेब उठले. एकेक पायरी गुडघ्याएवढी, त्यांनीच सांगून करवलेली. रांगत्या पोरासारखे बसत, घसरत ते खाली आले आणि धापा टाकत कोंडाळ्यापाशी पोचले. "सरका रे, माझी नात खेळतीय."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. मग कुणाला तरी फेटा दिसला. "अध्यक्ष आले, वाट द्या." गर्दी दुभंगली आणि आप्पासाहेब थेट मॅटच्या कडेला. समोर अपेक्षा मध्यरेषेवर उभी होती. तिने त्यांना पाहिलं आणि हसली. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात मंडळाचे सचिव मल्हारराव शाल-नारळ घेऊन पुढे झाले. "आप्पासाहेब, तुमचा सत्कार राह्यला व्हता."

"नंतर कर, बाबा."

"असं कसं? अध्यक्ष उभे अन् सत्कार नाय? बरं दिसत नाय."

"इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "मागं मॅट येऊ द्या."

मल्हाररावांनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. शिट्टी वाजली. पाठीमागे अपेक्षाचं 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं. आप्पासाहेबांनी मान वळवली, तर दोन्ही हातांत नारळ आला. "हलू नका, फोटो खराब व्हईल." आणि मागे एकच गलका उठला.

ते सुटून वळले तेव्हा पोरींनी अपेक्षाला उचलून घेतलं होतं. तिथूनच ती ओरडली, "आबा, बघितलं ना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "नारळ व्हता गं हातात," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आप्पासाहेब भिंग घेऊन बसले. शाल, नारळ, मल्हाररावांचे दात, आणि स्वतःच्या कोपराखाली रेषेकडे ताणलेला एक पाय. त्यांचे डोळे पाणावले. "अगं, हे बघ. अपेक्षाचा पाय. दिसली शेवटी."

द्वारकाबाईंनी पेपर लांब धरला.

"ही तर लासूर स्टेशनची पोरगी. आपली अपेक्षा तुमच्या फेट्यामागं हाय."