थोरलीने कुंपण ओलांडिले त्याची हकीकत

स्वामींनी पुसले की, दोन पंख्यांचे जुने विमान भंगारात निघता निघता कैसे वाचले, तरी दाखल्यानिशी लिहितो. पदरचे मीठमसाल्यापुरतेच.

विमानाचे नाव कागदोपत्री लांबलचक, लोकी थोरली. थोरलीने तीस वर्षे चाकरी केली आणि टपाल, आजारी माणसे, मंत्री व एकदा कोंबडीची पिल्ले वाहिली आणि मंत्र्यांहून पिल्लांची कुरकुर कमी. मग जेट विमानांची सद्दी जाहली, थोरली धावपट्टीचे कडेस पेन्शनीत बसली आणि तिचे पंखाखाली मिस्त्रीकाकांचे कुटुंब, म्हणजे काकू, यांणी चहाचे कँटीन थाटले.

मिस्त्रीकाका थोरलीचे जुने चाकर. ऐसे इंजिन उभे राहिले म्हणजे तेल खालचे नळकांड्यांत उतरते, सबब पंखे हाताने फिरवून नऊ पाती मोजावी हा शिरस्ता. थोरली बारा वर्षे जागची हलली नाही आणि काकांचा शिरस्ता एक दिवस चुकला नाही. लोक हसले, मग काकांनी दुसरे दिवशी पुनः नऊ मोजली.

पुढे विमानतळावर नवे साहेब तख्तनशीन जाहले आणि त्यांस मोटारी लावण्यास जागा पाहिजे, म्हणोन हुकूम सुटला की थोरलीचे तुकडे करावे. डावे बाजूस वैमानिकांची शाळा होती, ती आसरा देण्यास राजी, परंतु मध्ये तारेचे कुंपण आणि ओढण्यास साहेब ट्रॅक्टर देईनात. काका अर्ज घेऊन गेले आणि इतकेच बोलले की ती अजून मेली नाही. साहेबांनी हसोन फर्मावले की, शुक्रवारी दुपारपर्यंत स्वतःचे पायांनी हद्दीबाहेर जाईल तर खुशाल जावी. विनोद पुरता व्हावा म्हणोन कागदावर शिक्काही मारिला.

शुक्रवारी काकांनी तेल, पेट्रोल आणि शाळेची बॅटरी ऐसा दारूगोळा जमविला. मसलत ऐसी की, इंजिन नुसते चालवून दाखवावे म्हणजे साहेबांस पाझर फुटेल. साहेब पांढरा सदरा घालोन इंजिनामागेच उभे राहिले, त्यांस कोणी सांगावे? डावे इंजिन मुके राहिले. उजवे तीनदा खोकले, मग पेटले आणि बारा वर्षांचे काळे तेल साहेबांचे सदऱ्यावर पोहोचते जाहले. आणि थोरली चालू लागली.

काका खिडकीतून ओरडले, "अगं, चाकांखालच्या पाचरी कुठं गेल्या?"

काकू म्हणाल्या, "टेबलं डुगडुगत होती म्हणून मीच काढल्या. मागल्या वर्षीच सांगितलं होतं तुम्हाला, पण तुमचं लक्ष असेल तर ना!"

ब्रेक केव्हाचेच गेलेले. एकट्या उजव्या इंजिनाचे जोराने थोरली डावीकडे वळली आणि कुंपण फाडोन शाळेचे चिखलात रुतली, तेव्हा काकांनी इंजिन बंद केले. साहेबांनी विमान परत मागितले, मग काकूंनी शिक्क्याचा कागद पुढे धरिला आणि साहेब सदरा धुण्यास गेले.

येणेप्रमाणे थोरलीने एकसष्ट पावलांची मजल मारोन मोहीम फत्ते केली. कामी आले ते कुंपण एक, सदरा एक, कपबशा चौदा. काका खाली उतरले ते रडत होते, ते लपविण्याचे कारण नाही. दुसरे दिवशी सकाळी शाळेचे आवारात त्यांनी नऊ पाती मोजिली आणि काकूंनी पाचरी आणोन स्वहस्ते चाकांखाली ठोकिल्या. टेबले अद्याप डुगडुगतात.